मऊरानीपूरचा माग आणि आफ्रिकेची श्रीमंती

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या शाळेत बेरीज शिकलो त्या शाळेत बेरजेविषयीच बोलावे, असे ठरवून मी आलो आहे. बेरीज जरा मोठी आहे. एका अख्ख्या देशाच्या कमाईची.

आमच्या वेळी भूगोलाच्या तासाला भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा टांगला जाई आणि गुरुजी विचारीत, ‘या खंडातला सर्वांत मोठा देश दाखव.’ आम्ही निःशंकपणे सुदानवर छडी ठेवत असू. ते उत्तर आज चूक ठरेल. २०११ च्या जुलै महिन्यात दक्षिण सुदान वेगळा झाला आणि क्षेत्रफळात अल्जीरिया पहिला आला. उत्तर बदलण्यासाठी तेथे काय काय घडावे लागले पाहा : अनेक वर्षांची यादवी, लक्षावधी माणसांचे मृत्यू, तह, सार्वमत आणि मग नवी सीमा. याउलट, तीनच वर्षांनी आफ्रिकेतील ‘सर्वांत मोठी अर्थव्यवस्था’ बदलली, आणि त्यासाठी जमिनीवर काहीही घडावे लागले नाही. ६ एप्रिल २०१४ रोजी, एका रविवारी, नायजेरियाच्या सांख्यिकी खात्याने आपले नवे आकडे जाहीर केले. २०१३ या वर्षाचे देशांतर्गत उत्पन्न जुन्या हिशेबाने सुमारे ४२ लाख कोटी नायरा होते. नव्या हिशेबाने ते ८० लाख कोटींवर गेले. वाढ ८९ टक्के. डॉलरांत सांगायचे तर सुमारे ५१० अब्ज. आदल्या दिवसापर्यंत पहिल्या क्रमांकावर असलेला दक्षिण आफ्रिका दुसऱ्या दिवशी दुसरा झाला. आणि एकाही नायजेरियन माणसाच्या खिशात एक नायरादेखील वाढला नाही.

यात लबाडी होती का? नव्हती. राष्ट्रीय उत्पन्न दरवर्षी पहिल्यापासून मोजत नाहीत. तसे मोजणे कोणत्याच देशाला परवडणार नाही. एखादे वर्ष पायाभूत धरतात, त्या वर्षी सर्व धंद्यांची कसून पाहणी करतात आणि एकूण बेरजेत कोणत्या धंद्याला किती वजन द्यायचे ते ठरवतात. पुढची वर्षे मग त्याच सांगाड्यावर, उपलब्ध निर्देशकांच्या आधाराने, पुढे सरकवली जातात. नायजेरियाचा सांगाडा होता १९९० सालचा. तेव्हा लागोसच्या रस्त्यावर मोबाइल नव्हता, आणि आज ‘नॉलिवूड’ म्हणून ओळखला जाणारा चित्रपटधंदा उभाच राहायचा होता. माणसे चोवीस वर्षे नवनवे उद्योग काढीत होती, आणि हिशेबाची वही मात्र जुन्याच रकान्यांची होती. २०१० हे नवे पायाभूत वर्ष धरताना मोजायच्या व्यवसायांची संख्या ३३ वरून ४६ झाली. दूरसंचाराचा वाटा १ टक्क्याहूनही कमी होता, तो ९ टक्क्यांच्या घरात गेला. शेतीचा वाटा जवळजवळ एकतृतीयांश होता, तो २२ टक्क्यांच्या आसपास उतरला. शेती कमी पिकली नव्हती; तिच्याशेजारी इतके दिवस न दिसलेली माणसे दिसू लागली होती.

हे सारे मी वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मला नायजेरियाऐवजी मऊरानीपूर दिसू लागले.

हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावर नसेल. झाशी आपल्याला ठाऊक असते. राणी लक्ष्मीबाईंमुळे आणि वरसईच्या गोडसे भटजींनी लिहून ठेवलेल्या ‘माझा प्रवास’मुळे झाशी मराठी मनाला परकी वाटत नाही. त्या झाशीहून माणिकपूरकडे जाणाऱ्या आगगाडीने पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटर गेले की सुखनई नदीच्या काठचे हे तहसिलीचे गाव लागते. लगतच रानीपूर. बँकेच्या नोकरीत माझी तेथे बदली झाली, तेव्हा मी नकाशात गाव शोधले आणि मनातल्या मनात वरिष्ठांना चार शब्द सुनावले. पुढे ते गाव मला इतके आवडले, की भाद्रपदातल्या जलविहाराच्या मेळ्यासाठी मी रजा पुढे ढकलू लागलो.

गाव कापडाचे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत असे म्हटले आहे, की छतरपूरच्या राजाच्या जाचाला कंटाळून तेथले व्यापारी अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे येऊन वसले आणि साध्या खेड्याची पेठ झाली. पेठेचे नाव झाले ते ‘खारुआ’ या लाल कापडामुळे. तो लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढीत. आपण ज्याला बारतोंडी म्हणतो त्याच जातीचे हे झाड. बुंदेलखंडात त्याची मुद्दाम लागवड होई. १८६८-६९ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन हा लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला, आणि पुढच्या काही दशकांत आलची शेती, मुळे खणणारे, कुटणारे, रंगवणारे असे सारे कसब मावळले. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब त्या काळी कुणी ठेवीत नव्हते. त्यामुळे त्या सर्वांच्या कमाईत किती घट झाली हे सांगणारा रकानाच नाही. आता तेथे यंत्रमाग आहेत, आणि ‘रानीपूरचे टेरिकॉट’ म्हणून कापड विकले जाते. गल्लीत शिरले की इचलकरंजी किंवा मालेगावची आठवण यावी असा खडखडाट ऐकू येतो. वीज गेली की एकदम शांतता पसरते.

अशा एका गल्लीतल्या घरी मी कर्जाच्या अर्जाची चौकशी करायला गेलो होतो. पुढच्या खोलीत दोन माग. व्यापाऱ्याने सूत द्यायचे, यांनी मीटरवर मजुरी घेऊन कापड विणून द्यायचे, असा व्यवहार. माग घरधनी चालवी. त्याची आई भिंतीला टेकून रहाटावर कांड्या भरीत होती. बायको तुटलेले धागे सांधत होती, कापडाच्या घड्या घालीत होती, आणि मधूनच आत जाऊन चुलीवरचे बघून येत होती. अर्जात एक रकाना होता, ‘पत्नीचा व्यवसाय व उत्पन्न’. मी विचारले. ती बुंदेलीत म्हणाली, “हम तो कछू नईं करत.” आम्ही तर काहीच करीत नाही. हे म्हणताना तिचे हात थांबले नव्हते. मी लिहिले : ‘गृहिणी. उत्पन्न निरंक.’ सासूबाईंना तर मी विचारलेही नाही. काम करणारी माणसे एक, खाणारी सहा, असा माझा हिशेब झाला. त्या हिशेबावर तिसऱ्या मागाचे कर्ज बसेना. अर्ज परत गेला, आणि त्या माणसाने खासगी सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलून वर्षभर ते फेडण्यात घालवले. दोष अर्जाला देता आला असता. पण लिहिणारा हात माझा होता.

पुढे कधीतरी मला कळले, की हीच चूक होईल असा इशारा एका तरुण इंग्रज बाईने फार पूर्वी देऊन ठेवला होता, आणि तोही आफ्रिकेत. तिचे नाव फिलिस डीन. १९४० च्या दशकात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ राष्ट्रीय उत्पन्नाचे कोष्टक बसवीत होते, आणि ते वसाहतींना लागू पडते का हे पाहण्याचे काम तिच्याकडे आले. उत्तर ऱ्होडेशिया आणि न्यासालँड, म्हणजे आजचे झांबिया आणि मलावी, या देशांच्या उत्पन्नाचा हिशेब तिने मांडला. लंडनच्या कागदपत्रांवर भागेना, तेव्हा ती गावोगाव गेली. तिने पाहिले, की तेथील बायका लाकूडफाटा आणतात, धान्य कांडतात, कुटतात, रांधतात. आणि यातले बरेचसे विकले जात नाही म्हणून सोडून दिले, तर गावाच्या जगण्यातला मोठा भागच हिशेबाबाहेर राहतो. हे वगळणे तर्काला धरून नाही, असे तिचे म्हणणे होते. तिची पुस्तके १९४८ आणि १९५३ साली प्रसिद्ध झाली. १९५३ सालीच संयुक्त राष्ट्रांची जगभरासाठीची पद्धती आली, आणि तिने वेगळा मार्ग धरला. आजही ढोबळ नियम असा आहे : घरी खाण्यासाठी पिकवलेले भात मोजायचे, त्याचा घरी शिजवलेला भात मोजायचा नाही. वस्तू आत, सेवा बाहेर. व्यवहाराच्या सोयीसाठी केलेली ही रेघ आहे, आणि रेघ कुठेतरी ओढावीच लागते हे मला मान्य आहे. पण ती रेघ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच कशी पडली, हे विचारायला हरकत नसावी.

माझ्या मऊरानीपूरच्या घरातल्या कांड्या मात्र रेघेच्या आत होत्या, बाहेर नव्हे. ते काम घरच्या धंद्याचे होते. ते कसे मोजतात? कारखान्याचा ताळेबंद असतो, घरातल्या मागाचा नसतो. व्यापाऱ्याचे शंभर रुपयांचे सूत कापड होऊन एकशेचाळीसला गेले असे समजा, तर भर पडली चाळीस रुपयांची. सूत कातणाऱ्या गिरणीचे शंभर तिच्या खात्यात आधीच धरलेले असतात. पण हे चाळीस घरोघर जाऊन दरवर्षी कोण विचारणार? म्हणून नमुना पाहणी करून दर कामकऱ्यामागे किती भर पडते ते काढतात, आणि त्याला कामकऱ्यांच्या संख्येने गुणतात. आपल्याकडे २०११-१२ च्या मालिकेपासून मालक, पगारी कामगार आणि घरचा मदतनीस यांना एकाच मापाने न मोजता, त्यांच्या उत्पादकतेनुसार वेगळे वजन देऊ लागले. पद्धत सुधारली, यात शंका नाही. तरी गुणाकारातला एक आकडा शेवटी दारावर उभ्या असलेल्या माणसाच्या प्रश्नावरच ठरतो : घरात काम कोण करते? २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत विणकर आणि त्यांना साहाय्य करणारे मिळून ३५ लाखांहून अधिक कामकरी नोंदले गेले, आणि त्यांत ७२ टक्के स्त्रिया होत्या. तेथे कुणीतरी ‘कछू नईं करत’ या उत्तरावर न थांबता पुढचा प्रश्न विचारला असणार.

हा प्रश्न केवळ बायकांच्या मानाचा नाही. देश वाढतो आहे की आटतो आहे, हेही त्यावरून ठरते. आपल्याकडे शेतीबाहेरच्या छोट्या, नोंदणी नसलेल्या धंद्यांची मोठी पाहणी २०१५-१६ मध्ये झाली. त्यानंतर नोटाबंदी आली, वस्तू व सेवा कर आला, करोना आला. छोट्या धंद्याला हादरवणारी सारी वर्षे मधली, आणि त्यांतल्या बहुतेक वर्षांचे तशा पाहणीचे आकडे नाहीत. मधल्या वर्षांचा अंदाज बराचसा संघटित क्षेत्राच्या चालीवरून बांधावा लागला. म्हणजे मोठी गिरणी चालली तर शेजारचा मागही चालला असेल, असे धरून. २०२२-२३ ची पाहणी आली तेव्हा वस्तूनिर्माण करणाऱ्या या छोट्या धंद्यांतील कामकरी ३ कोटी ६० लाखांवरून ३ कोटी ६ लाखांवर आलेले दिसले. मोठी गिरणी चालली ती शेजारचा माग थांबला म्हणूनही असू शकते, ही शक्यता त्या गृहीतकात बसत नव्हती. नायजेरियात न मोजल्यामुळे वाढ लपली. आपल्याकडे घट लपण्याचा धोका होता. जिल्ह्याच्या पातळीवर तर अनेक क्षेत्रांत खालून वर मोजतच नाहीत. राज्याचा आकडा निर्देशकांनुसार जिल्ह्यांत वाटून देतात. तेव्हा झाशी जिल्ह्याच्या उत्पन्नात मऊरानीपूरचा आवाज किती, हे तुम्हीच ओळखा.

आकडा वाढला तर नुकसान काय, असे कुणी विचारील. घानाला विचारावे. २०१० च्या नोव्हेंबरात घानाने पायाभूत वर्ष १९९३ वरून २००६ वर आणले आणि उत्पन्न सुमारे ६० टक्क्यांनी फुगले. गरीब देश म्हणून निजलेला घाना कनिष्ठ-मध्यम उत्पन्नाचा देश म्हणून उठला, आणि जागतिक बँकेच्या वर्गवारीत तो पुढच्याच वर्षी वर चढला. त्याबरोबर सवलतीच्या कर्जाची दारे हळूहळू मिटू लागतात. दुसरीकडे कर्जाचे उत्पन्नाशी प्रमाण एका दिवसात कमी दिसते, त्यामुळे सावकार बाजार खूश. आणि कराचे प्रमाणही कमी दिसते, त्यामुळे अर्थमंत्री ओशाळे. आपल्या देशातही पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ठरवताना ४५ टक्के भार दरडोई उत्पन्नातील अंतराला दिला. श्रीमंत दिसले की वाटा घटतो. हा आकडा म्हणजे ज्यावर पाणीपट्टी बसते असे मीटर आहे.

दरडोई म्हटले की भागाकार आला, आणि भाजकाचीही तीच कथा. नायजेरियात शेवटची जनगणना २००६ मध्ये झाली. आपण हसू नये. आपलीही २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही.

शिवाय देशादेशांची तुलना करायची तर चलन एक करावे लागते, आणि तेथे आणखी एक गंमत होते. मऊरानीपूरला मी ज्या कारागिराकडे केस कापत असे, तो पुण्यातल्या कारागिरापेक्षा कितीतरी कमी पैसे घेई. केस तेच, कात्री तीच, गप्पा अधिक रंगतदार. राष्ट्रीय उत्पन्नात मात्र पुण्याचे डोके महाग. डॉलरच्या विनिमयदराने देश मोजले की असेच होते. २०२३ च्या जूनमध्ये नायजेरियाने नायराचा दर मोकळा सोडला. डॉलरला ४६० च्या आसपास असलेला नायरा पुढच्या वर्षी १,५०० च्या पलीकडे गेला. देशात पूर्वीइतकीच शेते, दुकाने, माणसे. पण डॉलरांच्या यादीत नायजेरिया २०२४ साली दक्षिण आफ्रिका, इजिप्त आणि अल्जीरिया यांच्या मागे, चौथा. मग स्थानिक किमती लक्षात घेणारी क्रयशक्तीची फूटपट्टी लावा : इजिप्त पहिला, आणि नायजेरिया पुन्हा दक्षिण आफ्रिकेच्या पुढे. भूगोलाच्या गुरुजींनी आज मला छडी दिली, तर मी आधी विचारीन, ‘कोणत्या मापाने?’ आणि बहुधा उभा राहीन.

ही सारी माजघरातली भांडणे म्हणून सोडून द्यावीत असे कुणाला वाटेल. पण आपल्या देशाच्या राजकारणाचा एक मोठा अध्याय अशाच बेरजेने उघडला. १८७६ साली दादाभाई नौरोजींनी मुंबईत निबंध वाचला, आणि १८६७-६८ सालचे हिंदी माणसाचे उत्पन्न वर्षाला माणशी २० रुपये येते असे दाखवले. शेजारी त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडला. कैद्यावर होणारा खर्च मोकळ्या माणसाच्या कमाईपेक्षा जास्त! १८८२ साली सरकारी अधिकाऱ्यांनी २७ रुपयांचा आकडा काढला. वीस की सत्तावीस, हा वाद म्हणजे इंग्रजी राज्याच्या न्यायअन्यायाचाच वाद होता.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबीस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर आपले धनंजयराव गाडगीळ होते. पुण्याच्या गोखले संस्थेत बसून त्यांनी त्याआधी वाई तालुक्यातल्या शेतीच्या धंद्याची पाहणी करवून घेतली होती. ती १९४० साली प्रसिद्ध झाली. पुणे शहराचीही त्यांनी घरोघर पाहणी केली. ज्या देशात उत्पादनाचा मोठा हिस्सा बाजारात येत नाही आणि शेतकरी-कारागीर जमाखर्च लिहीत नाहीत, तेथे दिल्लीतल्या बेरजेला वाईच्या बांधावरून सुरुवात करावी लागते, हे त्यांनी कामातून दाखवले. आज आफ्रिकेतल्या आकड्यांच्या दुबळेपणावर मॉर्टन जेर्व्हेनसारखे अभ्यासक पुस्तके लिहितात, तेव्हा मला वाटते, की त्या खंडाला सल्लागारांपेक्षा अशा चार पाहण्यांची गरज अधिक आहे. आपल्यालाही आहेच.

मऊरानीपूरहून माझी बदली होण्याआधी त्या घराचा अर्ज पुन्हा आला. या वेळी मी दुपारी जेवण उरकून गेलो आणि दिवेलागणीपर्यंत बसलो. घड्याळ काढून खिशातल्या वहीत लिहीत गेलो : आई, कांड्या, इतके तास, बायको, सांधणे आणि घड्या, इतके, शाळेतून आल्यावर मुलगा, सुताची ने-आण, इतके. हे काम बाहेरून करून घेतले तर गल्लीत मजुरी काय पडते, ते शेजारी विचारून घेतले. आजीबाई हसत होत्या. एवढा शिकलेला माणूस दिवसभर कांड्या मोजतो, याचे त्यांना नवल वाटत होते. अर्जावर या वेळी ‘काम करणारी माणसे’ या रकान्यात मी ३ लिहिले. मुलाला मुद्दाम वगळले, त्याने शाळेत जावे म्हणून. वरिष्ठांनी विचारले, गेल्या वर्षी एक होता, आता तीन कुठून आले? मी माझी वही त्यांच्यापुढे ठेवली. कर्ज मंजूर झाले. माग महिन्याभराने आला, आणि तो बसवताना पुढच्या खोलीत जागा पुरेना, म्हणून आजीबाईंचा रहाट ओसरीवर हलवावा लागला.